पंचगंगेच्या खोऱ्यातलं विष मोजायचं कसं?

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे तरंगायला लागले की सगळ्यांचे फोन खणखणतात. कुणीतरी हाताला लागेल त्या रिकाम्या बाटलीत पाणी भरतं, दोन दिवसांनी ती बाटली प्रयोगशाळेत पोचते आणि आठवड्याने अहवाल येतो: सामू (पीएच) ठीक, क्षार ठीक, बीओडी जरा जास्त. मग मासे मेले कशाने? वरातीमागून घोडं नेलं की हेच होणार. वाहत्या नदीचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरला तरी पाणी दिवसात २५ किलोमीटर पुढे निघून जातं. ज्या पाण्याने घात केला, ते बाटली भरेपर्यंत नरसोबावाडीच्या पुढे कृष्णेत मिसळलेलं असू शकतं.

नदीकाठच्या गावातला गट, महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग, ग्रामपंचायत किंवा एखादा चिकाटीचा शेतकरी, ज्यांना नदीतलं विष खरोखर शोधायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण पंचगंगेचं घेतो, कारण शहर, साखर, कापड, धातू आणि ऊस हे सगळं एकाच खोऱ्यात दाटीवाटीने आहे. हीच रीत नीरा, उल्हास किंवा भीमेच्या काठीही चालेल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते. या यादीत नदी कुठल्या पायरीवर बसते, हे बीओडीवर ठरतं. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की यादीत, ३० च्या वर गेली की पहिल्या प्राधान्यात. पण बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंनी खाल्लेला ऑक्सिजन. ती मैला दाखवते, मळी दाखवते. शिसं, कॅडमियम किंवा तणनाशक ती दाखवत नाही. उलट विष इतकं असेल की जिवाणूच मरतील, तर बीओडी कमी येते आणि कागदावर पाणी चांगलं दिसतं! म्हणून सीओडीही, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, सोबत मोजा. सीओडी भरमसाट आणि बीओडी त्या मानाने किरकोळ असेल, तर पाण्यात न कुजणारं किंवा जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे असं समजून पुढे चला.

नियमित सरकारी तपासणीत सामू, बीओडी, कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) वारंवार मोजले जातात. धातू आणि कीटकनाशकं त्या मानाने फार कमी वेळा. आपलं काम या फटीत आहे. राज्याचं प्रदूषण मंडळ दरमहा मोजतं तेच पुन्हा मोजून पैसे घालवू नका, ती माहिती संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

पहिली पायरी: नकाशा घेऊन बसा

बाटली विकत घेण्याआधी महिनाभर नकाशावर घालवा. कंटाळवाणं वाटतं, पण निम्मी लढाई इथेच होते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचा मेळ प्रयाग चिखलीपाशी बसतो आणि तिथून पंचगंगा सुरू होते. पुढे कोल्हापूर, मग राजाराम बंधारा, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ आणि शेवटी नरसोबावाडीचा संगम. या रेषेवर प्रत्येक नाला, ओढा, उपसा योजना आणि बंधारा टिपा. कोल्हापुरात जयंती नाला आणि दुधाळी नाला, इचलकरंजीला काळा ओढा. त्याच्या नावातच अहवाल आहे.

मग प्रत्येक नाल्याच्या मागे चालत जा. अक्षरशः चालत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींचं पावसाचं पाणी कोणत्या ओढ्यातून उतरतं? चांदीकामाचं हुपरी गाव पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, तर तिथलं गटार कुठल्या नदीकडे जातं? उपग्रहाच्या चित्रात जे दिसत नाही ते गुराख्याला माहीत असतं. रात्री कुठल्या ओढ्याला फेस येतो हे विचारायचं असेल तर मोटर चालू करायला पहाटे नदीवर जाणारा शेतकरी गाठा.

कारखान्यांची संमतीपत्रंही मिळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती देतं. त्यात रोज किती घनमीटर सांडपाणी, कुठे सोडायचं आणि कोणत्या मर्यादेत हे लिहिलेलं असतं. संकेतस्थळावर सापडलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. ‘शून्य विसर्ग’ लिहिलेल्या आसवनीच्या (अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्याच्या) मागच्या ओढ्यात तपकिरी पाणी दिसलं, तर तुमचा पहिला मुद्दा तयार.

दुसरी पायरी: काय शोधायचं ते ठरवा

‘सगळं तपासून द्या’ असं प्रयोगशाळेला सांगितलं तर बिल येतं, उत्तर येत नाही. उद्योगावरून विषाची यादी काढा.

कापड प्रक्रियेत रंग, मीठ, सल्फाइड आणि काही रंगांमुळे क्रोमियम, तांबं. पाणी रंगीत दिसतं म्हणून ते सर्वांत विषारी असतंच असं नाही, आणि रंग काढून टाकलेलं पाणी निर्धोक असतंच असंही नाही. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्याची वाळू बांधायच्या रेझिनमधून फिनॉल, शिवाय जस्त, मँगनीज. मुलामा देण्याच्या कामात निकेल, षट्‌संयुजी क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) आणि चांदीच्या मुलाम्यासाठी सायनाइड. आसवनीच्या स्पेंटवॉशची (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याची) बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. तो थोडासाही नदीत आला तर मासे विषाने नव्हे, गुदमरून मरतात. शहरी मैल्यातून अमोनिया. आणि उसाच्या फडातून ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी ही तणनाशकं आणि क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशकं. याबद्दल आपण शेतकरी मंडळी जरा गप्पच असतो. कारखान्याकडे बोट दाखवताना आपल्या पाठीवरचा पंपही यादीत घ्यावा लागतो.

अमोनियावर थोडं थांबतो, कारण माशांच्या बाबतीत बऱ्याचदा हाच मारेकरी असतो आणि तो सामूच्या आड लपतो. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी फक्त मुक्त अमोनिया माशांना मारतो, आणि त्याचं प्रमाण सामू व तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसला सामू ७.५ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अडीच टक्के मुक्त असतो. सामू ८.५ झाला की तोच २० टक्क्यांवर जातो. म्हणजे लिटरला ८ मिलिग्रॅम एकूण अमोनिया असलेल्या पाण्यात सकाळी ०.२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया असेल, आणि उन्हात शेवाळाने सामू वर चढवला की दुपारी १.६. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय मंडळाची मर्यादा १.२ आहे. पाणी तेच, नाला तोच, फक्त वेळ वेगळी. तापमान आणि सामू न लिहिलेला अमोनियाचा आकडा म्हणूनच कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा.

तिसरी पायरी: जागा नेमा

शितावरून भाताची परीक्षा पातेल्यात होते. नदी अशी एकजात शिजलेली नसते.

किमान जागा अशा: प्रत्येक मोठ्या नाल्याच्या वर एक, नाल्याच्या तोंडात एक, नाला पूर्ण मिसळल्यावर खाली एक. खोऱ्यासाठी एक ‘पार्श्वभूमी’ची जागा, म्हणजे माणसाचा हात कमीत कमी लागलेली. पंचगंगेत ती कोल्हापूरच्या जरा वर घेऊन भागत नाही, कारण शहराच्या वरच्या अंगालाही साखर कारखाने आहेत. राधानगरीच्या बाजूला भोगावतीवर खूप वर जावं लागतं. ही जागा वगळू नका. आपली माती बेसाल्टची, आणि बेसाल्टात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच बऱ्यापैकी असतं. पार्श्वभूमी माहीत नसेल तर सह्याद्रीचा दोष कारखान्यावर जाईल, किंवा कारखाना सह्याद्रीच्या आड लपेल.

नाला मिसळला की नाही हे डोळ्याने ठरवू नका. नाल्याचं पाणी बऱ्याच अंतरापर्यंत एका काठाला चिकटून वाहतं. विद्युतवाहकता मोजणारं साधं यंत्र घ्या, पुलावरून दोरी-बादलीने डावीकडे, मध्ये, उजवीकडे पाणी काढून आकडा बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मिसळलं. फरक असेल तर आणखी खाली सरका. सुरुवातीला एकच यंत्र परवडणार असेल तर हेच घ्या. मिठाचं सांडपाणी आलं की हा आकडा लगेच उडी मारतो.

चौथी पायरी: वेळ साधा

‘दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा’ असं वेळापत्रक कुणालाही सोयीचं वाटतं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाही!

पंचगंगेचं स्वतःचं एक पंचांग आहे. ऑक्टोबरच्या सुमारास बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि नदी तळ्यांची माळ होते. याच बंधाऱ्यांना अख्खा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो. मागोमाग गाळप हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागच्या पाण्यात तळाशी ऑक्सिजन संपतो, गाळात बसलेलं लोह-मँगनीज विरघळतं आणि त्यांना चिकटलेले इतर धातूही सुटतात. अशात बरगे काढले की ते काळं पाणी एकदम खाली जातं. मग वळवाचा पहिला पाऊस: नाल्यात महिनोन्‌महिने साठलेलं सगळं एका तासात नदीत. उसाची लागण (लागवड) झाल्यावर फवारलेलं तणनाशकही याच पाण्यातून उतरतं.

म्हणून वर्षभराच्या मासिक फेरीसोबत चार खास फेऱ्या धरा: गाळपाच्या ऐन मध्यावर, उन्हाळ्याच्या अखेरीस, बरगे काढताना आणि वळवाच्या पहिल्या दोन तासांत. शेवटची सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. त्यासाठी नदीपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसाच्या घरी बाटल्या तयार हव्यात.

नाल्याच्या तोंडाशी मात्र एक बाटली पुरत नाही. चोवीस तास, दर दोन तासांनी ठरावीक पाणी घेऊन ते एकत्र करा. रात्री सोडलेलं पाणी तेव्हाच सापडतं. विरघळलेला ऑक्सिजन, सामू, सायनाइड, तेल आणि जिवाणू यांच्यासाठी असं मिश्रण चालत नाही, ते प्रत्येक वेळी वेगळे घ्यावे लागतात.

पूर आला की हे सगळं बंद. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी इशाऱ्याकडे चढायला लागलं की काठावर कुणीही जायचं नाही. पूर ओसरल्यावर शेतात बसलेला गाळ तपासता येतो.

पाचवी पायरी: बाटली

सर्वाधिक चुका इथे होतात. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही शिशासाठी घेतलेल्या बाटल्या साध्या धुतल्या होत्या. अहवालात पार्श्वभूमीच्या जागी शिसं आलं, काळ्या ओढ्यापेक्षा जास्त. ते बाटलीतलंच होतं.

धातूंसाठी जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या, नायट्रिक आम्लाने धुतलेल्या. पाणी भरल्यावर सामू २ च्या खाली जाईल इतकं शुद्ध नायट्रिक आम्ल घाला. विरघळलेला धातू वेगळा हवा असेल तर आम्लाच्या आधी ०.४५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. आधी आम्ल घातलं तर गाळाला चिकटलेला धातूही विरघळतो आणि दोन आकड्यांतला फरक कायमचा पुसला जातो. असं जपलेलं पाणी सहा महिने टिकतं. पारा मात्र वेगळा घ्या, तो २८ दिवसांत तपासून व्हायला हवा.

षट्‌संयुजी क्रोमियमला आम्ल अजिबात नको, कारण त्याचं रूपच पालटतं. थंड ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत द्या.

सायनाइडच्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ च्या वर न्या. या बाटलीत चुकूनही आम्ल पडता कामा नये, हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. आम्लाची पेटी आणि ही बाटली एका हातात, एका पिशवीत ठेवूच नका. वर्षभर नीट काम करणारा माणूसही घाईत चुकतो, म्हणून बुचांचे रंग वेगळे ठेवा.

कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेची बाटली आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं बूच. प्लॅस्टिक ती शोषून घेतं. बर्फात ठेवा, ७ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत निष्कर्षण (पाण्यातून ती द्रावकात ओढून घेणं) सुरू व्हायला हवं. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा किंवा जागेवरच रसायनांनी स्थिर करा.

पाणी घेताना पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून, आपण ढवळलेला गाळ मागे राहील असं उभं राहा. वरचा फेस आणि केंदाळ बाजूला सारून हातभर खालून घ्या. दर फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली नदीवर नेऊन, उघडून, तीच रसायनं घालून परत आणा. ही कोरी बाटली दूषित निघाली तर बाकीचे आकडे संशयित. शिवाय एका जागी दोन बाटल्या भरा आणि वेगळ्या नावाने पाठवा. दोन्ही आकडे दूर गेले तर प्रयोगशाळेला आदराने विचारा.

सहावी पायरी: गाळ आणि किडे

पाणी आजची बातमी देतं, गाळ गेल्या काही वर्षांची. धातू गाळाच्या बारीक कणांना धरून बसतात. बंधाऱ्यामागच्या संथ जागेतून वरचा पाच सेंटिमीटर थर प्लॅस्टिकच्या खोऱ्याने घ्या आणि ६३ मायक्रॉनखालचा भाग तपासायला सांगा. वाळू आणि चिखल यांची तुलना करून ‘खाली प्रदूषण कमी’ असं म्हणणारे अहवाल मी पाहिले आहेत.

खर्चाविना होणारी तपासणी म्हणजे दगड उलटणं. दगडाखाली मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायची पिल्लं असतील तर तिथलं पाणी बऱ्यापैकी आहे. फक्त लाल अळ्या आणि ट्युबिफेक्सचे दोऱ्यासारखे किडे उरले असतील तर नाही. किडे चोवीस तास, रविवारसकट तिथेच असतात, त्यामुळे रात्रीचा विसर्ग त्यांच्यापासून लपत नाही. मात्र कोणतं विष, हे किडे सांगत नाहीत.

सातवी पायरी: प्रयोगशाळा आणि आकडे

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का हे विचारा, नुसती प्रयोगशाळेला आहे हे पुरत नाही. आणि पैसे देण्याआधी प्रत्येक चाचणीची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण, लेखी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५ अशी मर्यादा आहे. प्रयोगशाळेचं यंत्र ०.०५ च्या खालचं शिसं ओळखतच नसेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘मर्यादेच्या पाचपटीपर्यंत काहीही असू शकतं’ एवढाच. असे कित्येक ‘आढळले नाही’ लोकांनी निश्चिंतपणे फायलीत लावले आहेत. पाण्याचा कठीणपणाही सोबत मोजून घ्या. मृदू पाण्यात तांबं, जस्त, कॅडमियम माशांना जास्त बाधतात.

तीव्रता कळली तरी कोण किती विष आणतो हे कळत नाही, त्याला प्रवाह लागतो. नाल्याच्या वीस मीटर सरळ तुकड्यात संत्रं सोडा, वेळ मोजा, आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा (पृष्ठभाग जास्त वेगाने वाहतो), मग रुंदी आणि सरासरी खोलीने गुणा. आता समजा नाल्यातून सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी येतं आणि क्रोमियम लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सेकंदाला ०.१ ग्रॅम, दिवसाला ८.६४ किलो. खाली नदीत सेकंदाला १० घनमीटर प्रवाह आणि लिटरला ०.०२ मिलिग्रॅम क्रोमियम, म्हणजे दिवसाला १७.२८ किलो. निम्मा माल त्या नाल्याचा, उरलेला अजून शोधायचा आहे. नदीतला ०.०२ हा आकडा मर्यादेत आहे म्हणून गप्प बसलो असतो तर हे कळलं नसतं.

आठवी पायरी: अहवाल कुणाला, कसा

नागरिकांनी घेतलेला नमुना जल कायदा १९७४ खालच्या कारवाईत थेट पुरावा होत नाही. त्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ च्या रीतीने नमुना घ्यावा लागतो. तुमच्या आकड्यांचं काम मंडळाला योग्य जागी, योग्य वेळी आणणं आहे. म्हणून पत्रात ‘नदी विषारी झाली’ असं लिहू नका. लिहा: अमुक नाल्याच्या तोंडाशी अमुक तारखेला रात्री दोन ते चार विद्युतवाहकता चौपट झाली, क्रोमियम इतकं, कोरी बाटली स्वच्छ, कृपया याच वेळेत नमुना घ्यावा. पोच घ्या. प्रत ग्रामपंचायत, तहसीलदार आणि पाटबंधारे विभागाला. दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे, आणि तिथे तुमची दोन वर्षांची नोंदवही आवाज चढवून केलेल्या भाषणापेक्षा जास्त बोलते. कारखान्याचं नाव मात्र नाल्यापासून त्याच्या गटारापर्यंतची साखळी जुळल्याशिवाय लिहू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की पुढच्या खऱ्या अहवालालाही कुणी विचारत नाही.

आणि मासे मेल्याचा फोन आला तर

मेलेल्या माशांपाशी गर्दी करू नका. दोघांनी तिथे थांबावं, दोघांनी गाडी काढून वर जावं, शेवटचा जिवंत मासा दिसेपर्यंत. त्या दोन जागांच्या मध्ये जे नाले आहेत, तिथे बाटल्या भरा. थांबलेल्यांनी तापमान, सामू, ऑक्सिजन, विद्युतवाहकता मोजावी आणि बघावं: मोठे मासे आधी मेलेत, उरलेले पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेतायत, म्हणजे बहुधा ऑक्सिजन संपला. लहानमोठे एकदम मेलेत, काही गिरक्या घेतायत, ऑक्सिजनचा आकडाही ठीक आहे, म्हणजे विषाकडे बघा. नुकते मरणारे चारपाच मासे घ्या. कुजलेले कामाचे नाहीत. कीटकनाशकांसाठी ॲल्युमिनियमच्या पत्रीत गुंडाळून, धातूंसाठी स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सगळं बर्फात. पेटीवर वेळ, जागा आणि नेणाऱ्याचं नाव. बर्फ शिरोळला रात्री मिळत नाही म्हणून एका घराच्या शीतकपाटात साध्या पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा कायम गोठवून ठेवलेला असावा.